ऋषभ फुटतो, तार अडकते : मिरजेच्या एका जुन्या सतारीच्या पडद्यांच्या नोंदी

११ मे २०२५

शेजारच्या काकांची सतार आज घरी आणली. मिरजेचं काम, चाळीसेक वर्षांपूर्वीचं. दांडी आणि तबली तुणीची, खुंट्या शिसवी, भोपळा शाबूत. पडदे (दांडीवरच्या आडव्या कमानी, ज्यांवर तार दाबून सूर काढतात) वीस, सगळे पितळी. तक्रार काकांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "ऋषभ फुटतो, आणि गंधारावरून मींड घेताना तार मध्येच अडकते. जवारी उतरली असणार. तेवढी काढून दे."

मींड म्हणजे पडद्यावर दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवणं. जवारी म्हणजे घोडीचा, तबलीवरच्या ज्या तुकड्यावरून तारा जातात त्याचा, घासून जमवलेला माथा; जवारी काढणं म्हणजे तो पुन्हा घासून जमवणं. ती त्यांनी मागच्या वर्षी एका ठिकाणी काढून घेतलीच होती. पैसे गेले, ऋषभ तसाच. तरी आळ अजून जवारीवरच. सतार वाजवणाऱ्यांची ही जुनी खोड आहे, आवाजात काहीही बिघडलं की नजर आधी घोडीकडे जाते. डाव्या हाताखाली काय चाललंय ते कुणी बघत नाही.

आधी नुसतं वाजवून पाहिलं. बाजाची तार, म्हणजे जिच्यावर सूर वाजवतात ती मुख्य तार, मोकळी छेडली तर आवाज भरीव आणि लांब. मंद्र पंचम, धैवत स्वच्छ. निषाद ठीक. षड्जावर किंचित खरखर, ऋषभावर चांगलीच झणझण, गंधारावर पुन्हा कमी. जवारी बिघडली असती तर मोकळी तारसुद्धा कुरकुरली असती, कारण घोडीवरून ती सगळ्याच सुरांना जाते. बिघाड दोन-तीन पडद्यांपुरता आहे म्हणजे तो पडद्यांतच आहे.

कागदाची परीक्षा घेतली. वहीच्या कागदाची बारीक पट्टी कोमल गंधाराच्या पडद्यावर, तारेखालून सरकवली आणि ऋषभ दाबून धरला. पट्टी ओढली तर निघेना. म्हणजे ऋषभ वाजताना तार पुढच्या कोमल गंधारालाही टेकते आहे. हीच पट्टी त्यापुढच्या शुद्ध गंधारावर ठेवली तर सैल निघाली.

काकांना फोन करून सांगितलं, जवारीला हात लावणार नाही. "बघ बुवा," म्हणाले. पटलेलं नाही.

१३ मे

बाजाची आणि तिच्या शेजारची जोडाची तार उतरवली, तरफा (पडद्यांखालच्या, आपोआप गुंजणाऱ्या तारा) तशाच ठेवल्या. पडदे स्पिरिटच्या फडक्याने पुसले. फडकं काळं झालं. काका बोटाला खोबरेल लावून वाजवतात, आमच्याकडे बहुतेक जण लावतात. तेल, धूळ आणि पितळेची झिजलेली भुकटी यांचा तो लगदा. बोट सरकायला तेल हवंच, पण हा लगदा वर्षानुवर्षं पडद्यावर राहिला तर घासायचं काम तोही करतो.

मग भिंगातून एकेक पडदा पाहिला. ऋषभाच्या पडद्यावर तार जिथे टेकते तिथे खोबण पडली आहे, अगदी तारेच्या मापाची नाही, तिच्या पाच-सहा पट रुंद. एका बाजूची भिंत उभी, नखाला खटकन लागते. दुसरी बाजू उतरती, आणि त्या उतारावरून पुढे पडद्याच्या माथ्यावर बोटभर लांब चकचकीत पट्टा गेलेला. या पट्ट्यात बारीक समांतर रेघा आहेत. मींड घेताना तार आडवी ओढली जाते ती या वाटेने. जाताना उतार चढून जाते, परत येताना धाडकन खोबणीत पडते. काकांना "अडकते" वाटतं ते इथे.

गंधाराच्या पडद्यावर खोबण ऋषभापेक्षा उथळ, पण पट्टा दुप्पट लांब आणि मध्ये आणखी एक पायरी. एकाच अंतरापर्यंत हजारो वेळा तार ओढून थांबल्याशिवाय अशी पायरी पडत नाही.

खोबणीवर सपाट पट्टी आडवी धरून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पत्र्यांचं माप) सरकवला. माथा कमानदार आहे, त्यामुळे हे माप अंदाजाचं, पण एकमेकांशी तुलना करायला पुरतं. ऋषभ ०.४०, गंधार ०.३०, षड्ज ०.२५, पंचम ०.२५, मंद्र निषाद ०.२० मिलिमीटर. तीव्र मध्यम: काही नाही. शुद्ध मध्यम: काही नाही. कोमल गंधार: काही नाही, नुसता डाग. तार सप्तकातले पडदे नव्यासारखे.

इथे थोडी थांबले. काका आयुष्यभर यमन आणि भूप वाजवत आले, कधी शुद्ध कल्याण. कोमल गंधार त्यांना लागतच नाही, तो पडदा कोरा असणार हे बरोबर. पण यमनात तीव्र मध्यम तर जागोजागी आहे, मग त्याचा पडदा कोरा कसा? कारण तो त्या पडद्यावर वाजतच नाही. काका गंधारावर बोट ठेवून तार ओढतात आणि मध्यम काढतात, पुष्कळदा पंचमही. ऐकू येतो मध्यम, झिजतो गंधार. कुठला राग किती वाजवला हे पडद्यांवरून सांगायला निघालेल्या माणसाने हे आधी लक्षात घ्यावं. सूर जिथे लागतो तिथे नव्हे, तार जिथून निघते तिथे झीज असते.

प्रत्येक बाजाचं, म्हणजे वाजवण्याच्या शैलीचं, हे वेगळं असणार. मुंबईचे सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासारखं डाव्या हाताचं चपळ काम, कृंतन आणि जमजमा (एकाच छेडीत डाव्या बोटांनी झटपट काढलेले सूर), त्यात तार पडद्यावर उभी आदळते, ओढली कमी जाते. तिथे खोबण अरुंद पडेल असा माझा कयास आहे. अशी सतार हातात आली तर मोजून बघायची आहे.

आणि ऋषभाच्या झणझणीचं कारणही मिळालं. ऋषभ ०.४० मिलिमीटर खाली गेला, पुढचा कोमल गंधार होता तिथेच उभा. ऋषभ दाबला की तार खोबणीच्या तळापासून घोडीकडे निघते आणि वाटेत न झिजलेल्या शेजाऱ्याला घासते.

१८ मे

रविवार. हिशेब केला, कारण काकांचा प्रश्न आहे: "पितळ म्हणजे काही लोणी नव्हे, एवढी बारीक तार त्याला कापते कशी?"

बाजाची तार पोलादी, ०.३० मिलिमीटर. हाडाच्या पट्टीपासून घोडीपर्यंत लांबी ८८ सेंटिमीटर. काकांचा षड्ज काळी एक, म्हणजे मध्यमात लावलेल्या या मोकळ्या तारेची सेकंदाला सुमारे १८५ कंपनं. यावरून तारेवरचा ताण सहा किलोच्या आसपास येतो. लांबी तीच ठेवून सूर चढवला तर ताण कंपनसंख्येच्या वर्गाने वाढतो. षड्जाच्या पडद्यावरून पंचमापर्यंत मींड म्हणजे कंपनसंख्या दीडपट, म्हणून ताण सव्वादोन पट: साडेतेरा किलो. तारेचा छेद ०.०७ चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला १९० किलो. घराच्या स्लॅबमध्ये घालतात ती ५०० ग्रेडची सळई याच्या साधारण चौथ्या हिश्शाला कायमची ताणली जाते. सतारीची तार एवढं सोसते, कारण ती ओढून-ओढून बारीक केलेली, फार कठीण पोलादाची असते. पितळ तिच्यापुढे मऊच.

शिवाय गोल तार आणि गोल माथ्याचा पडदा एकमेकांना आडवे भेटतात तेव्हा स्पर्श एका टिंबाएवढा. सगळा दाब त्या टिंबावर, आणि तसंच दाबून ते टिंब बोटभर फरपटायचं. गिटारवाल्यांना तार ओढावी लागते ती एखाद-दीड सुराइतकी. सतारीत पाच सुरांची मींड घेणारे आहेत. झीज व्हायचीच, ती किती वर्षांत होते एवढाच प्रश्न.

पावसाळ्यात यात आणखी भर पडते. तार गंजली की तिचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पडदा झपाट्याने खरवडला जातो. काका तार तुटल्याशिवाय बदलत नाहीत. हे त्यांना स्पष्ट सांगायचं आहे.

२५ मे

मिरजेला जाऊन आले. सांगलीहून जायला लागतो किती वेळ, पण मे महिन्यातली दुपार निवडायला नको होती.

मिरजेच्या वाद्यकामाची सुरुवात १८५० च्या सुमारास फरीदसाहेबांपासून सांगतात. घराणं शिकलगारांचं, हत्यारांना धार लावणारं. कानस आणि धातू हातात आधीपासून होते, मग लाकूड आलं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची कात्रणं दुकानादुकानात चौकटीत लावलेली दिसतात. काम पूर्वीसारखंच चाललं आहे, जमिनीवर बसून, वाद्य पायांत धरून.

ज्यांच्याकडून मी नेहमी सामान घेते त्या चाचांना ऋषभ आणि गंधार हे दोन पडदे सोडवून दाखवले. त्यांनी माप विचारलंच नाही. अंगठ्याचं नख एकदा फिरवलं.

"घासून भागंल का, चाचा?"

"ताई, घासून काय होतंय? ह्याला घासला की फुडचा ओरडणार. फुडच्याला घासला की त्याच्या फुडचा. मग घोडीपतोर घासत जावं लागतंय."

हे सगळ्यांनी समजून घेण्यासारखं आहे. खोबण काढायची म्हणजे उरलेला माथा खोबणीच्या तळापर्यंत खाली आणायचा. मींड मोकळी होईल, तार अडकणार नाही. पण पडदा बुटका तो बुटकाच, झणझण जशीच्या तशी. ती घालवायची तर पुढचा प्रत्येक पडदा तेवढाच उतरवायला हवा, आणि खालचे पडदे आधीच बेताचे आहेत.

दुसरा उपाय चाचांनी हातानेच करून दाखवला. सतारीचा पडदा कमानीसारखा, दोन पायांवर उभा असतो. पाय जरा आत दाबले की कमान उचलते, फाकवले की बसते. कोमल गंधार फाकवून थोडा बसवला तर ऋषभ मोकळा होईल. खरं आहे, पण मग कोमल गंधार दाबला की शुद्ध गंधार बोलायला लागेल. काकांपुरतं चालेल, कारण ते तो पडदा वापरत नाहीत. उद्या ही सतार काकांच्या नातीने घेतली आणि बागेश्री वाजवायला बसली तर?

तिसरा उपाय नवे पडदे. चाचांकडे पितळी आहेत, जर्मन सिल्व्हरचे आहेत, आणि स्टीलचेही मागवून देतात. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. निकेलमुळे पितळेपेक्षा कठीण, आणि घामाने हिरवटही लवकर पडत नाही. स्टील सगळ्यांत टिकाऊ. चाचांचं मत: "स्टील टिकतंय, पण आवाज टोचतोय." हे मत मी त्यांच्या नावावर ठेवते. एकाच सतारीवर दोन्ही लावून ऐकल्याशिवाय त्यात धातूचा भाग किती आणि तारेचा किती हे ठरवता येत नाही.

मी जर्मन सिल्व्हरचे पाच घेतले: मंद्र निषाद, षड्ज, ऋषभ, गंधार, पंचम यांच्या जागेचे. चाचांना हे रुचलं नाही. दोन रंगांचे पडदे म्हणजे त्यांच्या लेखी ठिगळ. पूर्ण संच घ्या म्हणाले. पण पंधरा चांगले पडदे केवळ रंगासाठी काढायचे, हे माझ्या मनाला येत नाही. काकांना विचारलं, त्यांना रंगाचं काही नाही. "रात्री वाजवतो मी," म्हणाले.

८ जून

पडदे सोडायच्या आधी दांडीच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून प्रत्येक पडद्याची जागा टोकदार पेन्सिलने आखून घेतली. दांडी पुसून घेतली तर पडद्यांखाली चाळीस वर्षांचं फिकट लाकूड दिसलं, तिथे पॉलिशवर ऊनच पडलेलं नाही.

जुन्या दोऱ्या रेशमी असाव्यात, मेणाने कडक झालेल्या. दोन ठिकाणी दोरीने दांडीच्या पाठीवर वळ उमटवला आहे. पाच पडदे निघाले. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून डबीत ठेवले.

नव्या पडद्यांचे पाय दांडीच्या कडांवर नीट टेकत नाहीत, हे अपेक्षितच होतं. दांडीवर पेन्सिलचं शिसं चोळायचं, पडदा टेकवून किंचित हलवायचा, पायाला जिथे काळं लागेल तिथे बारीक कानस फिरवायची. एक पाय जरी अधांतरी राहिला तर पडदाच थरथरतो, आणि ती खरखर अगदी जवारीसारखी ऐकू येते. या कामाला घाई चालत नाही. षड्ज आणि निषाद आज बसले, बाकीचे नंतर.

२२ जून

पाऊस लागलाय. उरलेल्या तिघांचे पाय जुळले. तात्पुरत्या दोऱ्यांनी बांधले, पण उंचीचं काम इथेच थांबवते. सांगलीत या दिवसांत भिंतीसुद्धा ओलसर असतात. दांडी पोकळ, वरची पट्टी पातळ, वर सगळ्या तारांचा आणि तरफांचा ताण. दमट हवेत लाकूड फुगतं, दांडीची कमान बदलते, तबली हलते. आत्ता कागदाच्या जाडीने जमवलेली उंची दिवाळीत जमलेली राहणार नाही.

तारा सैल केल्या, पूर्ण उतरवल्या नाहीत. सतार गवसणीत घालून कपाटावर, भिंतीपासून दूर. काकांची कुरकुर सुरू झाली. त्यांना माझी सतार दिली आहे, ती त्यांना "कोरडी" लागते.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. कानशी, पकडी, फीलर गेज पुसून पाटावर मांडले, शेजारी दोन्ही सतारी. आज हत्याराला हात लावायचा नाही, वाद्यही वाजवायचं नाही. उद्या दसरा झाला की काम.

५ ऑक्टोबर

हवा कोरडी झाली. नवी बाजाची तार चढवून सुरात आणली आणि दोन दिवस तशीच ठेवली, दांडीला ताणाची सवय होऊ दिली. जुनी तार टाकून दिली. पडद्यांवर घासून तिला जागोजाग चपटे चरे पडले होते, नव्या पडद्यांवर ती लावणं म्हणजे झीज पहिल्या दिवशीच सुरू करणं.

उंची बघायची पद्धत अशी. तीन लागोपाठच्या पडद्यांवर, तारेच्या वाटेवरच, छोटी पोलादी पट्टी उभ्या कडेवर ठेवायची. मधला वर असेल तर पट्टी झुलते. झुलली नाही तर कागदाची पट्टी घेऊन मधल्याखालचं अंतर बघायचं. मग पुढच्या तिघांवर. ही परीक्षा फक्त तार विसावते तिथे घेऊन भागत नाही. मींडेच्या पूर्ण वाटेवर, बोटभर पुढे, पुन्हा घ्यायची. पडद्यांची कमान एकसारखी नसेल तर सरळ वाजवताना सगळं ठीक आणि तार ओढली की शेजारचा पडदा लागतो. दुरुस्त झालेल्या कितीतरी सतारींत हा दोष राहून गेलेला पाहिला आहे.

नवे पाचही पडदे उंच होते. पाय थोडे फाकवून आणि तळ घासून खाली आणले. पंचमाला सगळ्यांत जास्त वेळ लागला, त्याच्या पुढचा धैवत मुळातच जरा बसका होता. धैवताचे पाय आत दाबून त्याला उचललं, मग पंचम जमला. वाळूच्या पिशवीवर पडदा ठेवून लाकडी हातोडीने दोन हलक्या टिचक्या, एवढंच. पितळ लगेच ऐकतं, जर्मन सिल्व्हर थोडं मागे उसळतं.

११ ऑक्टोबर

माथे घोटले. ४०० नंबरच्या पेपरपासून सुरुवात, मग ८००, १२००, २०००, शेवटी ब्रासो आणि मऊ फडकं. पेपर तारेच्या दिशेने नाही, पडद्याच्या लांबीच्या दिशेने चालवायचा, म्हणजे उरलेल्या रेघा मींडेच्या दिशेने जातात आणि तार त्यांवर खरखरत नाही.

माथा गोल राहायला हवा. कानस मारून-मारून तो सपाट झाला तर तार टेकते तिथून पुढे सपाटीला घासत थरथरते. घोडीवर हेच मुद्दाम करतात आणि त्याला जवारी म्हणतात, पडद्यावर ते नको असतं. शिवाय सपाट माथ्यावर तारेची लांबी नेमकी कुठून मोजायची हे बिघडतं आणि सूर सरकतो. घोटताना पेपर बोटावर गुंडाळून, बोट माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरवत नेलं.

उरलेल्या पंधरा पितळी पडद्यांना फक्त २००० नंबर आणि पॉलिश. कोऱ्या पडद्यांचं धातू उगाच कमी करायचं नाही.

१६ ऑक्टोबर

बांधणी. दोरी म्हणून तंगूस वापरली, गळाला लावतात ती. रेशमाइतकी देखणी नाही, पण पावसात सैल होत नाही. पडद्याच्या दोन्ही टोकांना खाचा असतात. दोरी एका टोकाच्या खाचेतून दांडीच्या पाठीमागून दुसऱ्या टोकाला, तिथून परत, असे तीन-चार पदर शेजारी-शेजारी, एकमेकांवर न चढता. शेवटचा पदर ओढताना पडदा अंगठ्याने दाबून धरायचा. गाठ दांडीच्या कडेला, मींड घेताना हाताला लागणार नाही अशी. उरलेलं टोक कापून पेटत्या उदबत्तीने टेकवलं की वितळून मणी होतो, गाठ सुटत नाही. तरफांच्या खुंट्यांजवळचे दोन पडदे बांधताना मात्र बोटं वाकडी झाली.

घट्टपणा किती? दोन्ही अंगठ्यांनी ढकलला तर सरकावा, जोराच्या मींडेत हलू नये. या दोन्हींच्या मध्ये जागा थोडी आहे.

मग सूर. ट्यूनरवर काटा मधोमध आणून गंधार लावला तर तानपुऱ्याशी तो चढा लागतो. शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३८६ सेंट (सेंट म्हणजे ट्यूनरच्या अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ट्यूनरचा गंधार ४०० सेंटचा. चौदा सेंटचा हा फरक पडदा वरच्या टोकाच्या हाडाच्या पट्टीकडे थोडा सरकवून मिटतो. स्वरांच्या अशा मोजमापावर आमच्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केवढं काम केलं, त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. हल्ली फोनवरच्या काट्याला मान देऊन लोक पडदे पक्के करून टाकतात. पडदा सरकता आहे तो कानाने सरकवायलाच. ट्यूनर षड्ज-पंचमापुरता ठेवला, बाकी सगळं तानपुरा लावून.

१८ ऑक्टोबर

वसुबारस काल झाली. सतार काकांकडे पोचवली. त्यांनी आधी मोकळी तार छेडली, मान डोलावली, मग ऋषभ. पुन्हा ऋषभ. मग गंधारावरून पंचमापर्यंत ओढली, सोडली, परत ओढली. तार कुठे पडली नाही.

"जवारी काढलीस ना शेवटी?"

घोडीला हात लावलेला नाही हे सांगितलं. डबीतला जुना ऋषभ त्यांच्या हातावर ठेवला आणि नख फिरवायला सांगितलं. बराच वेळ फिरवत बसले. "हे मी केलं?" असं विचारलं, तक्रारीच्या सुरात नव्हे, जरा खुशीतच.

दोन धातूंच्या आवाजाबद्दल त्यांना मुद्दाम आधी काही बोलले नव्हते. त्यांना ऋषभ आणि कोमल गंधार यांच्यात फरक "थोडा" जाणवतो, ऋषभ जास्त उजळ. पण ऋषभ नवा आणि घोटलेला आहे, उजळ लागणारच. याचा निकाल आत्ता लावता येणार नाही.

लेखी सूचना दिल्या: वाजवून झालं की तारेखालून कोरडं फडकं ओढायचं. तेल बोटाला, पडद्याला नाही. बाजाची तार तुटेपर्यंत थांबायचं नाही, काळी पडली की बदलायची. पावसाळ्यात तार गंजलेली दिसली तर त्या दिवशी वाजवायचं नाही. शेवटची सूचना पाळली जाणार नाही.

१४ डिसेंबर

तपासणी. भिंगाखाली नव्या ऋषभावर एक बारीक चमकती रेघ उमटली आहे, फीलर गेजला लागत नाही. गंधारावर मींडेचा पट्टा फिकट दिसायला लागलाय, अजून त्यात पायरी नाही. पंचम कोरा. दोऱ्या घट्ट, फक्त निषादाचा पडदा केसभर खाली सरकला होता, तो जागेवर आणला.

काकांच्या नातीने खरंच बागेश्री धरला आहे. कोमल गंधाराचा जुना पितळी पडदा त्यामुळे पहिल्यांदाच कामाला लागला. तिचा हात अजून हलका आहे, मींड दोन सुरांपलीकडे जात नाही. एकाच सतारीवर पितळ आणि जर्मन सिल्व्हर शेजारी-शेजारी झिजणार, तेही दोन वेगळ्या हातांखाली. म्हणून आज कोमल गंधाराचं आणि ऋषभाचं माप एकाच पद्धतीने घेऊन वहीत वेगळ्या पानावर लिहिलं. पुढचं माप पावसाळ्याआधी, मे महिन्यात.

राहिलेली कामं: जोडाच्या तारेखाली षड्जाच्या पडद्यावर माथा घोटताना राहिलेला ओरखडा काढणे. तरफांपैकी दोन तारा गंजल्या आहेत, त्या बदलणे. घोडीवर बाजाच्या तारेची खाच भिंगातून पाहिली, थोडी खोल वाटते, पण मोकळी तार अजून स्वच्छ आहे, तेव्हा तिला हात लावायचा नाही.